चंद्रकळा, नथ आणि काळोख : आत्याच्या पोर्ट्रेटच्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

ऑगस्टच्या अखेरीस आत्याला साठ वर्षे पूर्ण होतात. घरात साठीशांतीचा विषय निघाला, तेव्हा तिने शांत नको, जेवणावळ नको असे सांगून एकच मागणी केली. तिला स्वतःचा एक फोटो हवा होता, "जुन्या नट्यांचे असत तसा, निम्मं तोंड काळोखात गेलेला." तरुणपणी तिने राज्य नाट्य स्पर्धेतल्या संघांतून बरीच वर्षे कामे केली, पण त्या काळातले तिचे जे फोटो घरात आहेत ते सगळे समोरून फ्लॅश मारून काढलेले आहेत आणि त्यांत चेहरा व मागचा पडदा सारखेच पांढरे पडले आहेत. हे काम मी मनापासून स्वीकारले आहे. घरातल्या एका खोलीत, मोजक्या सामानात असे पोर्ट्रेट करू पाहणाऱ्या कोणालाही उपयोग व्हावा, म्हणून सगळे जसे घडेल तसे लिहून ठेवते.

जागा म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या जुन्या घरातली माजघराशेजारची खोली. ती दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे, एकच खिडकी आहे आणि छताच्या तुळईला झोपाळ्याच्या दोन लोखंडी कड्या आहेत. कॅमेरा माझा जुनाच, २४ मेगापिक्सेलचा, लहान सेन्सरचा. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशेबाने साधारण ७५. एक ६० वॅटचा एलईडी दिवा जुना म्हणून ५,५०० रुपयांना घेतला. फ्लॅश मुद्दाम टाळला, कारण सावली कुठे पडते ते मला फोटो काढण्याआधी डोळ्यांनी पाहायचे होते आणि आत्यालाही ते आरशात दाखवायचे होते.

मागे लावायला काळे सुती कापड आणले, ४२० रुपयांचे.

१३ जुलै, रविवार

आत्याला तासन्‌तास बसवून दिवा सरकवत राहणे बरे दिसले नसते, म्हणून माळ्यावर ठेवलेला गौरीचा जुना, रंग उडालेला शाडूचा मुखवटा काढला आणि स्टुलावर आत्याच्या उंचीला बसवला. पितळी मुखवटाही होता, पण पितळेवर दिव्याचे थेट प्रतिबिंब उमटते आणि सावली कुठे संपते ते कळतच नाही. शाडूचा पृष्ठभाग कातडीच्या जवळ जातो.

पहिली चूक लगेच दिसली. दिवा मुखवट्यापासून सहा फुटांवर होता आणि मुखवट्याच्या मागे दोन फुटांवर कापड होते. फोटोत काळे कापड राखाडी आले आणि त्यावरची प्रत्येक चुणी दिसू लागली. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिव्यापासून चेहरा सहा फूट आणि कापड आठ फूट असेल, तर कापडावर चेहऱ्याच्या निम्म्याहून जास्त प्रकाश पडणारच. दिवा चेहऱ्यापासून तीन फुटांवर आणला आणि मुखवटा कापडापासून पाच फूट पुढे ओढला, तेव्हा हाच हिशेब सातव्या हिश्श्यावर आला. दिव्याची ताकद न बदलता, चेहऱ्यावर वाढलेल्या प्रकाशाला जुळेल एवढा कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश कमी करताच मागचा काळोख गडद झाला. ज्यांची खोली माझ्याएवढीच लहान आहे त्यांनी नवा दिवा घेण्याआधी हातातला दिवा जवळ आणून पाहावा.

चुण्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. सुती काळे कापड खरे काळे नसतेच. त्यावर प्रकाश पडला की ते गडद राखाडी दिसते.

१९ जुलै, शनिवार

महाद्वार रोडवरून साडेतीन मीटर काळी मखमल आणली, २४० रुपये मीटरने ८४० रुपये झाले. मखमलीची लव प्रकाश गिळते. लव कोणत्या दिशेला झोपते ते हात फिरवून पाहावे आणि दिव्याकडून पाहिले असता ती जास्तीत जास्त काळी दिसेल अशी मखमल टांगावी. उलटी टांगली तर तीच मखमल चकाकते. हे मला दुकानदाराने सांगितले आणि ते अक्षरशः खरे निघाले. सुती कापडाचे ४२० रुपये वाया गेले असे धरते.

केस आणि खांदा काळोखातून सुटे दिसावेत यासाठी मागून एक दिवा हवा होता. तो झोपाळ्याच्या कडीला टांगण्याची कल्पना आत्याची. घरातलाच एक एलईडी बल्ब होल्डरसकट लोंबता सोडला आणि त्याभोवती काळ्या पुठ्ठ्याची नळी केली, म्हणजे प्रकाश फक्त डोक्यावर व खांद्यावर पडेल. दिसायला उत्तम झाले, पण फोटोत केसांच्या उजेडावर आडवे काळसर पट्टे आले. दोन तास मी कॅमेऱ्यात दोष शोधत बसले. दोष बल्बचा होता. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण १/२५० सेकंदाच्या शटरला कळते. शटर १/१०० वर आणताच पट्टे गेले. तरीही चाचण्या संपल्यावर तो बल्ब काढून १,४५० रुपयांचे लहान एलईडी पॅनेल घेतले, कारण बल्बचा रंग पिवळट होता आणि मुख्य दिव्याचा पांढरा. फोटो शेवटी कृष्णधवल करायचा असला तरी हा फरक त्रास देतो. त्याचे कारण पुढे संपादनाच्या नोंदीत येईल.

दिवा टांगताना कडीला दुसरी सुतळी वेगळी बांधावी. खाली माणूस बसणार असतो.

२० जुलै, रविवार. पहिली बैठक

ही बैठक वाया गेली. तीन तास आणि १४० फोटो झाले, त्यांतला एकही ठेवण्याजोगा नाही. काय काय चुकले ते सविस्तर लिहिते, कारण यातल्या बहुतेक चुका आधी टाळता आल्या असत्या.

आत्याने आजीची काळी चंद्रकळा नेसली होती, अंबाड्यावर जुईचा गजरा, गळ्यात कोल्हापुरी साज आणि नाकात चापाची नथ. समोर पाहताना ती फार सुंदर दिसत होती. फोटोत मात्र काळी चंद्रकळा काळ्या मखमलीत बुडाली आणि मानेखाली काही उरलेच नाही. साजाच्या प्रत्येक पानावर दिव्याचा एकेक ठिपका उमटला आणि ते सगळे ठिपके चेहऱ्याआधी डोळ्यांत भरू लागले. जुईचा गजरा मागच्या दिव्याच्या थेट खाली आल्याने पांढरा फटक पडला. पाकळी सुद्धा ओळखू येईना.

नथीची चूक सर्वांत शिकवणारी होती. मुख्य दिवा मी सवयीने आत्याच्या उजव्या हाताला ठेवला होता. प्रकाश उजवीकडून आला की नाकाची सावली डाव्या गालावर पडते, आणि नथ असते डाव्या नाकपुडीत. म्हणजे मराठी चेहऱ्यावरचा जो दागिना मला उजेडात हवा होता तो नेमका नाकाच्या सावलीत गेला आणि काळोखात नुसता एक मोती लुकलुकत राहिला. प्रकाशयोजनेची जी चित्रे मी अभ्यासली होती त्यांत कोणाच्याच नाकात नथ नव्हती, त्यामुळे दिवा कोणत्या बाजूला हा प्रश्न मला आधी पडलाच नाही. नथ असेल तर दिवा बसलेल्या व्यक्तीच्या डाव्या हाताला ठेवायचा, एवढे मी आता कायमचे लिहून ठेवले आहे.

डोळेही गेले. दिव्याची उंची मी मुखवट्यावर ठरवली होती आणि मुखवट्याचे डोळे जवळजवळ सपाट असतात. आत्याचे डोळे खोल आहेत, वयाने आणखी खोल गेले आहेत. त्या उंचीवरून भुवईची सावली थेट पापणीवर पडली आणि दोन्ही डोळ्यांतली चमक नाहीशी झाली. अंधारलेल्या पोर्ट्रेटमध्ये डोळ्यांत दिव्याचे प्रतिबिंब नसेल तर चेहरा उदास नव्हे, आजारी दिसतो.

आणखी दोन गोष्टी. लेन्स मी एफ १.८ वर उघडी ठेवली होती. साडेपाच फुटांवरून त्या उघडीपीला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग धारदार येतो ती, जेमतेम आठ सेंटिमीटर मिळते, आणि कॅमेऱ्याने स्वतःहून डोळ्याऐवजी नथीचा चमकता मोती धरला. मोती धारदार, पापण्या मऊ. शिवाय आत्या चष्मा काढून लगेच बसली, त्यामुळे नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याच्या खुणा लाल दिसत होत्या. त्या जायला तिला अर्धा तास लागला.

चेहऱ्याला लावलेली पावडर तिच्या रंगाहून दोन छटा उजळ होती. आमच्या घरात फोटो म्हटले की पावडर लागतेच. सावळ्या कातडीवर उजळ पावडर आणि त्यावर बाजूने येणारा प्रकाश पडला की चेहरा राखेसारखा दिसतो आणि मान वेगळ्या माणसाची वाटते. आत्याने ते पडद्यावर पाहिले आणि स्वतःच तोंड धुऊन आली.

२२ ते २५ जुलै

रोज रात्री तास-दीड तास जुनी छायाचित्रे पाहिली. जॉर्ज हरेल हा छायाचित्रकार १९३० साली हॉलिवूडच्या एमजीएम या चित्रपट कंपनीत रुजू झाला आणि तिथल्या नटनट्यांची गडद सावल्यांची पोर्ट्रेट त्याने आठ बाय दहा इंचांच्या मोठ्या निगेटिव्हवर टिपली. वरून आडव्या दांड्यावर टांगलेला दिवा हे त्याचे आवडते साधन होते. आमच्या झोपाळ्याच्या कडीने तेच काम केले. त्या फोटोंतली संगमरवरासारखी कातडी मी आजवर प्रकाशाची किमया समजत होते, पण ती बरीचशी निगेटिव्हवर पेन्सिलीने केलेल्या हातकामाची आहे. हे समजल्यावर केवळ दिव्याने तसे दिसत नाही म्हणून खंतावण्याचे कारण उरले नाही.

त्याहून जवळचा धडा मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. १९३४ साली उभ्या राहिलेल्या त्या स्टुडिओत जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने देविकाराणींचे चेहरे प्रकाशले. ते पाहताना मी चेहऱ्याकडे न पाहता फक्त सावलीच्या कडेकडे पाहिले. उजेड आणि काळोख यांच्यामध्ये नेहमी एक मऊ पट्टा आहे. काळोख गडद आहे, पण उजेडातून तो एकदम कापल्यासारखा सुरू होत नाही. माझ्या फोटोंत तो कापल्यासारखा होता आणि साठीच्या चेहऱ्यावर त्या कापण्याने प्रत्येक सुरकुती कोरली गेली होती.

उपाय स्वस्त निघाला. ट्रेसिंग पेपरचे मोठे ताव (१२० रुपये) लाकडी चौकटीवर ताणून दिव्यापुढे दीड फुटावर उभे केले. प्रकाशाचा उगम तळहाताएवढा होता तो खिडकीएवढा झाला. चुलतभाऊ मुंबईला सेटवर लाइटचे काम करतो. तो अशा चौकटीला स्किमर म्हणतो. प्रकाश पसरला की तो खोलीभर उडतो आणि सावलीची बाजूही उजळते, म्हणून त्याच्याच सांगण्यावरून आत्याच्या उजव्या हाताला, अगदी फूटभर अंतरावर, काळा रंगवलेला पुठ्ठा उभा केला. सेटवर याला कटर म्हणतात. पुठ्ठा आणि रंग मिळून ९० रुपये. टीव्हीच्या खोक्यातले पांढरे थर्माकोल मी सावली उजळायला तयार ठेवले होते, पण ते लावले की फोटो पासपोर्टच्या दिशेने सरकतो. ते माळ्यावर परत गेले.

२७ जुलै, रविवार. दुसरी बैठक

सकाळी दहाला आत्याने चष्मा काढला आणि अकराला बसली. पावडर नाही, कपाळावर चकाकणाऱ्या टिकलीऐवजी ओले कुंकू, गालाच्या हाडावर आणि कॉलरबोनवर बोटाच्या टोकाने अगदी थोडे खोबरेल तेल. तेलाचे प्रमाण फार जपावे लागते. तेल जिथे असते तिथे प्रकाश सांडतो, म्हणून उंचवट्यावरच लावावे, नाकाच्या शेंड्यावर आणि वरच्या ओठावर कधीही लावू नये. साज काढला. गळ्यात फक्त काळी पोत ठेवली आणि सगळी चमक नथीसाठी राखली. गजरा मागे वळवला, म्हणजे कॅमेऱ्याला त्याची फक्त कड दिसेल.

चंद्रकळा मखमलीत बुडू नये म्हणून पदर वेगळा घेतला. आधी तो खांद्यावरून सरळ मागे गेला होता. आता जरीचा काठ डाव्या खांद्यावरून छातीवर तिरपा येईल असा लावून आतून दोन पिना मारल्या. मागच्या दिव्याने त्या काठावर एक बारीक सोनेरी रेघ ओढली आणि तेवढ्या रेघेने संपूर्ण काळी साडी नजरेला कळली. काळ्यावर काळे ठेवायचे असेल तर कापड दाखवायचा आटापिटा करू नये, त्याची कड दाखवावी.

मुख्य दिवा आत्याच्या डाव्या हाताला, समोरून साधारण ४५ अंशांवर, आणि गेल्या वेळेपेक्षा दीड वीत खाली. उंची ठरवताना कॅमेरा बाजूला ठेवून मी फक्त तिचे डोळे पाहत राहिले. चुलतभाऊ दिवा हळूहळू खाली आणत होता आणि दोन्ही डोळ्यांत चौकोनी उजेड दिसताच मी त्याला थांबवले. नथीची सावली वरच्या ओठावर मिशीसारखी पडत होती. चापाची नथ असल्याने ती थोडी बाहेर फिरवता आली आणि दिवा हातभर समोरच्या बाजूला सरकवताच सावली फिकी होऊन ओठाच्या वर राहिली. कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ ४००, लेन्सची उघडीप एफ ४, शटर १/१०० सेकंद. फोकसचा ठिपका हाताने जवळच्या डोळ्यावर ठेवला. कॅमेऱ्याच्या मर्जीवर काही सोडले नाही.

बसायला पाठ नसलेले स्टूल दिले. खुर्ची दिली की माणूस मागे रेलतो, हनुवटी मागे जाते आणि गळ्याला घड्या पडतात. धड दिव्यापासून उलट दिशेला वळवले आणि चेहरा दिव्याकडे परत आणला, त्यामुळे मानेला एक ताणलेली रेघ मिळाली. हनुवटी आधी कॅमेऱ्याकडे पुढे, मग किंचित खाली. हे बसणाऱ्याला फार अवघडल्यासारखे वाटते, पण फोटोत जबड्याची कड स्वच्छ येते. एकेका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त कोणाला तसे ठेवू नये.

हाताने पाऊण तास घेतला. आत्याला उजवा हात गालाजवळ हवा होता. पहिल्यांदा तिने गाल तळहातावर टेकवला आणि गालाचे मांस वर सरकून डोळा लहान झाला. मग हाताची पाठ कॅमेऱ्याकडे आली. ती चेहऱ्याएवढीच मोठी दिसली आणि तिच्या शिरा चेहऱ्याशी भांडू लागल्या. शेवटी मी तिच्यासमोर बसून माझा हात दाखवत गेले. करंगळीकडची कड कॅमेऱ्याला, मनगट किंचित आत मोडलेले, बोटे एकमेकांना न चिकटवता पाकळ्यांसारखी एकामागे एक, आणि मधल्या बोटाचे टोक जबड्यापासून तांदळाच्या दाण्याएवढे दूर. टेकवायचे नाही, टेकवणार आहोत असे ठेवायचे. हात कटरच्या बाजूला असल्याने तो निम्मा अंधारात गेला आणि तेच हवे होते. हिरव्या बांगड्यांपैकी दोनच ठेवल्या.

नजर मात्र जमेना. रंगमंचाच्या सवयीने ती शेवटच्या रांगेला कळेल असा भाव आणत होती आणि तीन फुटांवरच्या दिव्यात तो भाव फार मोठा होत होता. मी तिला "सहज बघ", "जरा उदास हो" असे सांगत राहिले आणि प्रत्येक सूचनेने चेहरा जास्त कृत्रिम झाला. शेवटी तीच म्हणाली, "अगं पोरी, उदास हो म्हणून कोणी उदास होतं का? मी कोणाकडे बघते आहे, तो कुठे उभा आहे, तेवढं सांग. बाकीचं माझ्यावर सोड." मी दाराच्या चौकटीवरचा एक खिळा दाखवला आणि सांगितले की ज्याची तू संध्याकाळपासून वाट पाहिलीस तो आत्ता आला आहे आणि तू अजून त्याला "ये" म्हटलेले नाहीस. तिने मान हलवली, डोळे मिटले, उघडले. चेहऱ्यावर जवळजवळ काहीच हलले नाही, फक्त खालचा ओठ थोडा सैल झाला. खिळा फार कडेला असल्याने बुबुळ कोपऱ्यात जाऊन डोळ्याचे पांढरे जास्त दिसत होते, म्हणून चौकटीवर दोन वीत अलीकडे खडूची खूण केली आणि तो माणूस तिथे उभा केला.

त्यानंतरच्या ३१ फोटोंतला अकरावा फोटो आम्ही निवडला. मधे पाऊण तास वीज गेली होती आणि पावसाच्या दमट हवेने केस भुरभुरले होते. पाण्याचा हात फिरवून ते बसवले. एकूण चार तास लागले.

३० जुलै, बुधवार. कापणी (क्रॉपिंग)

मूळ फोटो उभा, ४००० बाय ६००० पिक्सेलचा. बारा बाय पंधरा इंचांची प्रत करायची म्हणजे चारास पाच हे प्रमाण.

पहिल्या कापणीत मी कपाळाचा वरचा भाग छाटून डोळे, नथ आणि ओठ यांच्यावर आले. पडद्यावर ते जबरदस्त दिसले आणि रात्रभर मी त्यावर खूश होते. सकाळी दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, २२०० बाय २७५० पिक्सेल उरले होते, म्हणजे त्या आकारात इंचाला जेमतेम १८३. दुसरी गोष्ट मोठी होती. त्या कापणीत चंद्रकळेचा काठ, हात, अंबाडा सगळे गेले होते आणि उरलेला चेहरा कोणत्याही सुंदर बाईचा होता, आत्याचा नव्हता.

दुसऱ्या कापणीत सगळे ठेवले, पण खालची कड बरोबर कोपरावर आली आणि हात तुटल्यासारखा दिसला. सांध्यावर कधी कापू नये, हे मला माहीत होते, तरी पडद्यावर चेहऱ्याकडेच पाहत राहिल्याने निसटले. कड मनगट आणि कोपर यांच्या मधोमध आणली. अंबाडा वरच्या कडेला नुसता टेकत होता. टेकणे वाईट, म्हणून वर दोन बोटे काळोख सोडला.

नजरेच्या पुढे मोकळी जागा ठेवावी असा संकेत आहे. मी तसे करून पाहिले आणि चित्र हलके पडले. आत्या ज्याच्याकडे पाहते आहे तो दारात आलेला आहे, त्याला जागा देण्याचे कारण नाही. तिची सगळी संध्याकाळ तिच्या पाठीमागे आहे. म्हणून काळोख पाठीमागे जास्त ठेवला आणि नजरेपुढे कमी. शेवटची कापणी ३४०० बाय ४२५० पिक्सेलची, म्हणजे इंचाला २८३. हे जमले कारण दुसऱ्या बैठकीत मी चारही बाजूंना मुद्दाम जागा सोडली होती. पहिल्या बैठकीतले फोटो एवढे जवळून घेतलेले होते की तिथे कापायला काही उरलेच नव्हते.

२ आणि ३ ऑगस्ट, शनिवार-रविवार. संपादन

कृष्णधवल करताच कुंकू नाहीसे झाले. तांबडे कुंकू आणि सावळी कातडी यांचा उजेड सारखा असला की दोन्ही एकाच राखाडीत जातात. रूपांतरात लाल रंगाची पट्टी (त्या रंगाचा उजेड कमी-जास्त करणारी) खाली ओढली, तेव्हा कुंकू गडद होऊन परत आले आणि ओठही गडद झाले. कातडी मुख्यतः नारिंगी पट्टीवर हलते. इथेच पिवळट बल्बचा प्रश्न येतो. बल्बखाली काढलेल्या चाचणीच्या फोटोंवर ही पट्टी हलवली की केसांवरचा उजेडही तिच्याबरोबर वरखाली होत होता; दोन्ही दिवे एका रंगाचे केल्यावर तो आपल्या जागी राहिला.

नारिंगी पट्टी वर ढकलली की आत्या एका क्षणात गोरी होते. हे एवढे सोपे आहे की हात आपोआप तिकडे जातो, आणि घरातल्या दोघांनी "थोडी उजळ कर ना" असे म्हटलेही. मी ती पट्टी शून्यावरच ठेवली. आत्या सावळी आहे, प्रकाश तिच्या गालावर जिथे पडतो तिथे तो तांब्याच्या भांड्यावर पडावा तसा उठून दिसतो, आणि हे संपूर्ण चित्र त्या उठून दिसण्यावरच उभे आहे. कातडी पांढरी केली तर सावलीला टेकायला जागा उरत नाही.

सुरकुत्यांच्या बाबतीत मात्र मी घसरले. कातडी मऊ करण्याची एक पद्धत वापरून चार तास खर्च केले. चेहरा चाळिशीचा झाला, मान आणि हात साठीचेच राहिले. आत्याला दाखवले, तर तिने बराच वेळ पाहून शांतपणे विचारले, "ही कोण?" ते चार तास पुसून टाकले. नंतर फक्त डोळ्यांखालच्या दोन काळ्या अर्धवर्तुळांचा गडदपणा निम्मा केला, चष्म्याची उरलेली खूण काढली, आणि हलक्या ब्रशने जिथे उजेड होता तिथे कणभर उजेड, जिथे सावली होती तिथे कणभर सावली वाढवली. ओठांच्या कडेच्या रेषा तशाच आहेत.

९ ऑगस्ट, शनिवार. छपाई

आधी आठ बाय दहाच्या दोन चाचणी प्रती काढल्या, साठ रुपयांची एक. दोन्ही फार काळ्या आल्या. साडीचा काठ सोडून सगळे बुडाले. चूक माझी होती. रात्री अंधाऱ्या खोलीत, पडदा पूर्ण उजळ ठेवून मी संपादन करत होते. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला, खोलीत दिवा लावला आणि सावल्या पुन्हा तपासल्या. अंगठ्याचा सावलीतला भाग आणि अंबाड्याची मागची कड थोडी उचलावी लागली.

मग मोठी प्रत छापायला दिली, २६० रुपयांना. ती हातात घेतली तेव्हा काळोख राखाडी झालेला होता आणि मखमलीची चुणी दिसत होती. लॅबच्या यंत्राने फोटो अंधारा आहे असे समजून स्वतःच उजळला होता. पाकिटावर मोठ्या अक्षरांत "कोणतेही करेक्शन करू नये" असे लिहून दुसरी प्रत काढून घेतली, पुन्हा २६० रुपये. कागद मॅट घेतला. चकचकीत कागदावर एवढ्या काळ्या भागात बोटांचे ठसे आणि समोरची ट्यूबलाइट दोन्ही दिसतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

चौकटीचे १,१०० रुपये धरून एकूण खर्च १०,१६० रुपये झाला. त्यातले सुती कापड आणि पहिली मोठी प्रत मिळून ६८० रुपये निव्वळ वाया गेले. वेळ सुमारे ३५ तास लागला, त्यातले अकरा तास चुकांचे.

चौकट आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली होती. काळ्या चित्रापुढची काच दिवसा आरसाच होते. फोटोत आत्याऐवजी खिडकीचे गज आणि समोरच्या घराची कौले दिसत होती. काल ती काढून खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर, झोपाळ्याच्या कड्यांच्या पलीकडे टांगली. संध्याकाळी आत्या आली, चष्मा पुसून जवळ गेली, आणि सगळ्यांत आधी तिने बोट ठेवले ते खांद्यावरच्या जरीच्या रेघेवर. "आईच्या चंद्रकळेचा काठ इथे उसवला होता," ती म्हणाली, "दिसतोय." मी भिंग घेऊन पाहिले. तिथे दोन टाके खरोखरच सुटलेले आहेत, आणि ते तसेच राहिले आहेत.